वीसपर्यंत

"पंधरा," रुकय्या म्हणाली आणि वली खुर्चीतून उभा राहिला.

हात छातीवर आडवे, नजर समोर, तळवे फरशीला घट्ट. कुठेही आधार न घेता तो सरळ ताठ उभा झाला आणि पुढच्या हुकुमाची वाट पाहू लागला.

"बसा आता. सावकाश. धपकन नाही."

तो सावकाश बसला. त्याच्यासमोर घडीच्या खुर्चीवर रुकय्या कोथिंबीर निवडत होती. काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला, आणि मधूनमधून एक आकडा. शारजातल्या त्या सातव्या मजल्यावरच्या घरात रोज सकाळी साडेअकराला हेच चालायचं. मुलगा अबरार हमरिया फ्री झोनच्या ऑफिसात, सून इन्शा दुबईला, नात मुनिबा शाळेत. दुपारी सव्वातीनपर्यंत घरात ही दोघंच.

दीड वर्षापूर्वी वलीला सोफ्यावरून उठवायला दोन माणसं लागत. डोकं तर त्याच्या आधीच हरवत चाललं होतं. नातीचं नाव गेलं, मग मुलाचं, मग आपण कुठल्या देशात आहोत तेही. त्या डोक्याला इलाज नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आणि पायांसाठी फिजिओथेरपीला पाठवलं. तिथली मल्याळी बाई हसरी होती, पण बोलायला रोखठोक. साठी उलटली की मांडीचं मांस वर्षावर्षाला झिजत जातं, ती म्हणाली. नुसतं चालून ते भरून येत नाही. त्याला वजन द्यावं लागतं, जोर लावावा लागतो, आणि तो लावला तर सत्तरीतही येतं. मग तिने चित्रांचा एक कागद दिला. खुर्चीतून उठणं-बसणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं, टाचा वर करणं, आणि सहाव्या चित्रात जमिनीवर पडलं तर उठायचं कसं ते.

"अम्मा, ये पेपर आप दोनों के लिए है," ती म्हणाली होती. "आप की चाल भी देख रही हूँ मैं."

रुकय्याला मनातून हसू आलं होतं. दिवसभर राबणाऱ्या बाईला व्यायाम कसला? आता राबणं म्हणायचं तर राजापूरला होती तेव्हाचं. विहिरीचं पाणी, चुलीपुढे उकिडवं बसणं, अंगण सारवणं, दिवसातून पन्नास वेळा खाली आणि पन्नास वेळा वर. इथे सगळं कमरेच्या उंचीवर आलं होतं. ओटा, वॉशिंग मशीन, लिफ्टचं बटण. चार वर्षांपूर्वी गुडघे दुखतात म्हणाली, तर अबरारने नमाजासाठी ही घडीची खुर्ची आणली. केवढ्या मायेने आणली! तेव्हापासून तिचा सजदाही खुर्चीतच. जमिनीशी तिचं काही काम उरलं नव्हतं.

तो कागद तिने फ्रिजवर लावला आणि सगळाच्या सगळा नवऱ्यावर खर्च केला. आधी तो ऐकेना. मग एकदा तिने सहज "एक" म्हटलं आणि तो उठून उभा राहिला. चौतीस वर्षं बंदरावर टॅली क्लार्क होता तो. लाँचवरून उतरणारी पोती मोजण्यात जन्म गेला. बाकी सगळं पुसलं गेलं, पण कोणी मोजायला लागलं की आपण कामावर हजर असलं पाहिजे, एवढं अंगात राहिलं होतं. पाचांचे दहा झाले, दहांचे वीस. फिजिओबाईने त्याच्या मांड्या चाचपून पाहिल्या आणि ये तो पचास साल वाले के पैर हैं असं म्हणाली, तेव्हा रुकय्याला पोराचा दहावीचा निकाल लागल्यासारखं वाटलं.

"और आप? कर रही हैं ना?"

"करते ना," रुकय्या म्हणाली होती. खोटं बोलायला काही लागत नाही.

"अठरा," ती आता म्हणाली आणि बेल वाजली.

पाणीवाला होता. कोथिंबीर बाजूला ठेवून ती उठली. उठली म्हणजे दोन्ही हातांनी खुर्चीच्या दांड्या दाबून, एकदा झोका घेऊन, दुसऱ्या झोक्यात. कमरेच्या गाठीतली किल्ली काढून दार उघडलं, रिकामा कॅन आणि कूपन दिलं, भरलेला कॅन आत ठेवून घेतला. दार लावून किल्ली फिरवली. तेवढ्यात आतून धप्प आवाज आला, आणि किल्ली कुलुपातच राहिली.

ही किल्ली म्हणजे तिचा जीव होता. रमजानात एकदा वली दार उघडून निघून गेला होता. पाच तासांनी बंदराच्या रस्त्यावर सापडला, अनवाणी, ओठ फुटलेले. त्या दिवशी अबरार ओरडला नाही, म्हणूनच ती जास्त घाबरली. तो खाली बसून तिचे हात हातात घेऊन म्हणाला होता, "अम्मी, परत असं झालं ना, तर अब्बांना राजापूरला आपाकडे ठेवावं लागेल. आपाला दोघं झेपणार नाहीत, तिचं सासर आहे. तू इथेच राहा. तुझी शुगर, तुझे दवाखाने, मुनिबाकडे दुपारी कोण बघणार?" एकावन्न वर्षांचा संसार त्याने आपल्यात आणि थोरल्या बहिणीत, दोन गावांत वाटून दिला होता, आणि आवाजही चढवला नव्हता.

वली पाण्याच्या मशीनपाशी फरशीवर बसला होता. नळ तसाच उघडा आणि फरशीभर पाणी. पडला होता, पण चेहऱ्यावर दुखल्याची खूण नव्हती.

"या अल्ला. लागलं का हो?"

तिने नळ बंद केला, त्याच्या काखेत हात घातला आणि त्याला उचलायला वाकली. इतक्या महिन्यांत तिने त्याला उचललं नव्हतं, गरजच पडली नव्हती. मांड्यांनी भार घेतला एवढंच तिला कळलं. मग त्या मांड्या तिथे नव्हत्याच. ती त्याच्या शेजारी बुडावर बसली, धपकन.

क्षणभर दोघं पाण्यात शेजारी शेजारी बसली होती. मग वली डाव्या कुशीवर वळला, तळहात टेकला, एक गुडघा पोटाशी घेतला, खुर्चीवर हात ठेवला आणि उठला. अगदी सहाव्या चित्रासारखा. उभा राहून त्याने कपडे झटकले आणि एखाद्या पाहुण्या बाईकडे पाहावं तसं तिच्याकडे पाहिलं.

"बसा, बसा," तो अदबीने म्हणाला. "घाई नाही."

तिने तेच करून पाहिलं. कुशीवर वळली, तळहात टेकला. गुडघा पोटाशी येईना. हाताने ओढून आणला तर तो ओल्या फरशीवरून घसरून परत गेला. ती बूड सरकवत खुर्चीपर्यंत गेली, सीटवर कोपरं रोवली आणि या अल्ला म्हणून जोर लावला. खुर्ची घडीची होती, ती घडी होऊन तिच्या अंगावर आली. दुसऱ्यांदा भिंतीचा आधार घेतला. तिसऱ्यांदा हात थरथरायला लागले. कुठे दुखत नव्हतं, काही मोडलं नव्हतं. फक्त दीड हात वर जायचं होतं, आणि ते जमत नव्हतं. दीड वर्षं ज्या माणसाला बसल्याजागी उठवत होती, त्याच्यासमोर ती जमिनीला खिळून बसली होती. लाजेने तिचे कान तापले.

"अहो, माझा फोन आणा. बेडरूममध्ये आहे, चार्जिंगला."

"हो," म्हणून तो गेला. बऱ्याच वेळाने आला तो बूट घालून. नाडी बांधायला नको म्हणून इन्शाने आणलेले, चिकटपट्टीचे.

"फोन कुठाय?"

"लाँच लागली असेल," तो म्हणाला. "माणसं खोळंबतील."

आणि तो दाराकडे चालू लागला. तेव्हा तिला किल्ली आठवली.

"अहो! थांबा! जाऊ नका, तुम्हाला माझी शपथ आहे!"

किल्ली फिरली. दार वीतभर उघडलं आणि जूनमधली हवा भट्टीचं झाकण काढल्यासारखी आत आली. ती ओरडली. शेजारची दारं बंद होती, एसी चालू होते. ती ओरडत होती आणि ते त्याच्या कानापर्यंत जातच नव्हतं. ते पाय, ते पन्नास वर्षांच्या माणसाचे पाय, तिनेच एकेक आकडा घालून उभे केले होते. ते आता त्याला कितीही लांब नेऊ शकले असते.

"एकोणीस!"

दाराच्या कडीवरचा हात थांबला.

"एकोणीस," ती पुन्हा म्हणाली. आवाज फाटला होता. वलीने दार लोटलं, परत आला, आपल्या खुर्चीत बसला, हात छातीवर आडवे घेतले आणि उभा राहिला.

"वीस."

वीस झाले की संपायचं. तो उठला, बसला, आणि बुटांकडे पाहू लागला.

"एकवीस," रुकय्या म्हणाली.

त्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. पण टॅली क्लार्क मोजणीशी वाद घालत नाही. तो उठला.

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजायला दहा मिनिटं होती. मुनिबा सव्वातीनला येणार. रुकय्या भिंतीला टेकली आणि मोजत राहिली. दोन आकड्यांमध्ये ती जितका वेळ काढता येईल तितका काढायची. फार काढला की तो दाराकडे बघायचा, मग घाईघाईने पुढचा आकडा. साठाच्या पुढे त्याचे गुडघे कापू लागले, कपाळावरून घाम निथळू लागला. चौऱ्याहत्तर वर्षांचं काळीज. ते इथेच बंद पडलं तर? आणि मोजणं थांबलं तर तो त्या उन्हात जाईल. दोन्हीकडे मरणच दिसत होतं, आणि निवड एका आकड्याची होती.

शंभराला तिला सुचलं. "थांबा. शंभरी झाली. खूण करा."

वलीने डावा तळहात पुढे केला आणि उजव्या बोटाने त्यावर एक उभी रेघ ओढली. मग मान खाली घालून, डोळे बारीक करून ती रेघ कितीतरी वेळ तपासली. बंदरावर पोतीवाले बदलेपर्यंत बसायचा तसा. ती रडायची बाकी होती. यापुढे ती दर दहांना खूण करायला लावू लागली, मग दर पाचांना.

जुहरची, दुपारच्या नमाजाची अजान झाली. वली उठला, हातपाय धुऊन वजू करून आला, चटई अंथरली. दाराची फिकीर दहा-पंधरा मिनिटांपुरती गेली. सरकत फोनपर्यंत जायचं त्राण रुकय्याच्या हातांत उरलं नव्हतं आणि दाराचं कुलूप बसून हाताला येण्यासारखं नव्हतं; तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा तो सजद्यातून उठत होता. कपाळ वर, हात गुडघ्यांवर, आणि सरळ उभा. पुन्हा खाली, पुन्हा उभा. तीही हे रोज करायची. कोणी हिसकावून घेतलं नव्हतं. प्रेमाने खुर्ची दिली होती आणि तिने घेतली होती.

नमाजाचा शेवटचा सलाम फिरवून तो उठला तो पुन्हा दाराकडेच. "एक," ती म्हणाली.

दीडच्या सुमाराला तिला आवरलं नाही. फरशी एव्हाना सुकत आली होती, ती पुन्हा ओली झाली. वली तिच्याकडे पाहत होता. मग त्याने मान दुसरीकडे वळवली आणि वळवूनच ठेवली, आणि त्याच्या त्या सभ्यपणाने तिला हुंदका आला. हुंदक्यात सत्तेचाळीस गिळला गेला. तो वाट पाहत बसला.

सव्वातीनची बेल वाजली तेव्हा तिच्या घशातून आकडा नव्हे, नुसती हवा बाहेर पडत होती. दार वलीनेच उघडलं. मुनिबाने बाहेर पडणाऱ्या आजोबांना दंडाला धरून आत आणलं आणि तिथेच थबकली.

"दादी? व्हाय आर यू ऑन द फ्लोअर?"

हाड मोडलं नव्हतं. फोटो काढून डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. मोडलं असतं तर बरं झालं असतं. मोडलेलं जोडता येतं, दिवस मोजता येतात. त्या दिवसानंतर रुकय्या पलंगावरून एकटी उठेना, संडासात बसली की तिथेच अडके. इन्शा रजा काढून चार दिवस घरी राहिली आणि सासूला उचलून तिची स्वतःची पाठ धरली. फिजिओबाई येऊन गेली. तिने कोणालाही बोल लावला नाही. "तीन महीने," ती म्हणाली. "रोज वजन, रोज उठना-बैठना. अम्मा खड़ी हो जाएँगी. अभी देर नहीं हुई."

ती गेल्यावर अबरार आईच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसला. आजही त्याचा आवाज चढला नव्हता.

"अम्मी, तीन महिने दिवसभर घरात कोण राहणार? इन्शाची नोकरी सुटेल."

"मी करीन रे हळूहळू."

"अब्बांसाठी दिवसाचा माणूस बघितलाय. हैदराबादचा आहे, चांगला आहे. अब्बांचं काही नाही, ते आपले आपण उठतात, बसतात, बाथरूमला जातात. नुसती नजर ठेवायची. पण तुला तो परका पुरुष हात कसा लावणार? आणि तुझ्यासाठी वेगळी बाई ठेवायची तर या दोन खोल्यांत कुठे?"

रुकय्याला हिशेब कळला होता, तो पुढे सांगायची गरज नव्हती. तरी त्याने सांगितला. तो प्रामाणिक मुलगा होता.

"आपा म्हणाली, एकाला ठेवते. गुरुवारचं तिकीट आहे. मी सोडायला येतो. बरी झालीस की परत आणतो, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला," ती म्हणाली. पोराचे डोळे भरले होते, म्हणून तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

मग तिच्या लक्षात आलं. "पण त्यांचा व्यायाम? तो माणूस मोजेल, पण ते दुसऱ्या कोणाच्या मोजण्यावर उठत नाहीत. इन्शाने करून बघितलंय. सोडलं तर सहा महिन्यांत पाय जातील त्यांचे. माझ्यासारखे."

याला उत्तर मुनिबाकडे होतं. बुधवारी शाळेतून आल्यावर ती फोन घेऊन पलंगावर चढून बसली.

"दादी, काउंट टिल ट्वेंटी. आय विल रेकॉर्ड. देन इट कॅन प्ले एव्हरी डे."

रुकय्याने पदर सारखा केला, जणू फोटोच काढायचा आहे. पहिल्यांदा आवाज हलला. दुसऱ्यांदा बाराला खोकला आला. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटून घेतले आणि वली समोर बसलाय असं समजून मोजलं. उठायला वेळ, बसायला वेळ, धपकन नाही, सावकाश. वीस झाल्यावर सवयीने म्हणाली, "बस्स. पाणी घ्या आता."

"परफेक्ट," मुनिबा म्हणाली आणि फोन घेऊन बाहेर पळाली.

दार अर्धं उघडं होतं. पलंगावरून हॉल दिसत नव्हता, नुसतं ऐकू येत होतं. आधी मुनिबाने आजोबांना खुर्चीत बसवल्याचा आवाज. मग तिचा स्वतःचा, जरा चिरका, डब्यातून आल्यासारखा. "एक."

तो उठणार नाही, असं रुकय्याला वाटलं. फोनकडे बघेल, इकडेतिकडे बघेल, खरी कुठे आहे म्हणून शोधेल. निदान एकदा तरी.

खुर्ची करकरली. तो उठला होता.

"दोन."

पुन्हा करकरली. एकही आकडा चुकला नाही. वीस झाले, बस्स झालं, पाणी घ्या झालं, आणि ग्लासाचा आवाज आला. मुनिबाने तो हातात दिला असणार.

"रुकय्या," वली पाणी पिऊन म्हणाला, "आज लवकर संपवलंस."

"ओ," आतल्या खोलीतून रुकय्या म्हणाली.

तिने पुन्हा एकदा, जरा मोठ्याने ओ दिली. पण फोन पहिल्यापासून सुरू झाला होता आणि वली उभा राहिला होता.